निर्णयात आनंद मानणारी व्यक्ती हवी

निर्भयता हा न्यायाचा पाया आहे. हे वाक्य मी प्रथम वाचलं ते हॅम्बर्गमधल्या एका लहानशा सरकारी कार्यालयाच्या दारात, भिंतीवर ठोकलेल्या पितळी पाटीवर. पाटीच्या बरोबर खाली ओल्या छत्र्या ठेवायचं पिंप होतं. हॅम्बर्गच्या हवेमुळे ते कायम भरलेलं असे, त्यामुळे वाक्याचा शेवट वाचायचा तर छत्र्यांच्या मुठी बाजूला कराव्या लागत. त्या इमारतीत पुढे काही वर्षं माझं रोजचं जाणं-येणं होतं. तिथे मला भेटलेली सगळ्यात न्यायी बाई ही मी आजवर पाहिलेली सगळ्यात घाबरट बाईही होती. पाटी लावणाऱ्यांची आणि तिची गाठ पडली नसावी.

हे कार्यालय नेमकं काय करतं हे माझ्या सासऱ्यांना समजावताना माझी एक अख्खी संध्याकाळ गेली होती, म्हणून इथे थोडक्यात सांगतो. राज्यातली न्यायालयं कोणत्या गुन्ह्याला किती शिक्षा देतात याचा अभ्यास करायचा, एकाच तऱ्हेच्या घरफोडीला नदीच्या अलीकडे दहा महिने आणि पलीकडे दोन वर्षं का पडतात ते शोधायचं, आणि सरकारला शिक्षेचं धोरण सुचवायचं. दोन हजारच्या दशकातली ती वर्षं होती. वर्तमानपत्रं वाचून लोक धास्तावलेले होते आणि धास्तावलेल्या लोकांची मतं हवी असलेले पुढारी शिक्षा वाढवण्याची भाषा करत होते. अशा वेळी या कार्यालयाला एकदम महत्त्व आलं. महत्त्व आलं म्हणून निधी आला, निधी आला म्हणून संगणक आले, आणि संगणकांच्या मागोमाग मी आलो.

मी पुण्याहून आलेला सॉफ्टवेअरवाला. न्यायाधीशाने समोरच्या खटल्याची माहिती भरायची आणि तशाच जुन्या खटल्यांत इतरांनी किती शिक्षा दिली ते पडद्यावर पाहायचं, असा प्रोग्रॅम लिहायला माझ्या कंपनीने मला तिथे पाठवलं होतं. त्याआधी मी गोदामातल्या टायरांचा प्रोग्रॅम लिहिला होता. टायरांच्या जागी माणसं घालायची, एवढाच फरक, असं मला वाटलं.

तयार झालेला पहिला नमुना दाखवायला मी उपप्रमुख फ्राऊ हार्म्स यांच्या खोलीत गेलो. हेर म्हणजे श्रीयुत, फ्राऊ म्हणजे बाई. तिथे उपप्रमुखालाही तेवढंच म्हणतात. त्या या कार्यालयात येण्यापूर्वी बरीच वर्षं फौजदारी न्यायालयात न्यायाधीश होत्या. उंच, किंचित वाकलेल्या, करड्या लोकरीचं जाकीट. आत शिरल्यावर खोलीत कोणी नाही असंच वाटलं, कारण त्यांनी टेबल दाराच्या मागच्या कोपऱ्यात, पाठ भिंतीला लागेल असं लावून घेतलं होतं. खिडकीचे पडदे खाली ओढलेले.

"बसा, हेर निमकर. दाराकडे पाठ करून बसू नका. ही खुर्ची घ्या."

मी घरफोडीचा एक काल्पनिक खटला भरला. पडद्यावर आकडा आला. मी उत्साहाने म्हणालो, "हे बघा, अशा खटल्यात साधारण अडीच वर्षं."

त्यांनी हात लांब करून तळव्याने पडद्यावरचा आकडा झाकला.

"अडीच वर्षांपूर्वी तुम्ही काय करत होता?"

"मी? पुण्यात होतो. साखरपुडा झाला होता नुकताच."

"त्यानंतर?"

"लग्न झालं. इथे आलो. बायको आली. घर मिळायला फार त्रास झाला. मग..."

"आल्झो, तर मग ते सगळं काढून टाका," त्या म्हणाल्या. "साखरपुड्यापासून आज सकाळच्या कॉफीपर्यंतचं सगळं. आणि आता पुन्हा म्हणा, साधारण अडीच वर्षं."

मला ते म्हणता आलं नाही. त्या कोणालाही शिक्षेचा आकडा सहज उच्चारू देत नसत. मंत्रालयातून आलेला एखादा अधिकारी चहापानाच्या वेळी "अशांना सरळ पाच वर्षं आत टाकलं पाहिजे" असं म्हणाला की बाई मऊ आवाजात विचारत, "पाच वर्षांपूर्वी आपण कुठे होता?" अधिकारी बिचारा मुलांची वयं मोजत बसे.

त्या दिवशी त्यांनी माझ्याकडून प्रोग्रॅममध्ये एकच बदल करून घेतला. न्यायाधीशाने आधी स्वतःचा आकडा लिहायचा. तो लिहिल्याशिवाय इतरांचे आकडे दिसणार नाहीत.

"का?" मी विचारलं.

"इतरांचे आकडे आधी दिसले तर त्याला भीती वाटणार नाही," त्या म्हणाल्या. "आणि भीती वाटली नाही तर तो काहीही लिहील."

फ्राऊ हार्म्स यांच्या भीतीचा इतिहास मला फ्राऊ पेटर्स यांच्याकडून कळला. या कार्यालयाच्या सचिव. पूर्वी न्यायालयात त्या बाईंच्याच हाताखाली होत्या आणि बाई इकडे आल्या तशा त्याही आल्या. जाड भिंगांचा चष्मा, मोठा आवाज, आणि जगातल्या कोणत्याही गोष्टीला न घाबरण्याचा स्वभाव; दोघींचं मिळून सरासरी धैर्य ठीक भरत असे.

"निकालाच्या दिवशी सकाळी बाईंना अन्न जात नसे," फ्राऊ पेटर्स सांगत. "पर्समध्ये कोरडा पाव असायचा. निकाल वाचून झाला की दुपारी खायच्या. वाचताना डावा हात टेबलाच्या कडेला धरलेला. लोकांना वाटायचं, काय रुबाब आहे! मला माहीत होतं, हात सोडला तर बाई पडतील." मग त्या आवाज खाली आणत. "एकदा मात्र निकालाच्या दिवशी बाई म्हणाल्या, फ्राऊ पेटर्स, आज मी दोन पाव खाल्ले, अंडं खाल्लं, मजेत आहे. आणि निकाल पुढच्या आठवड्यावर ढकलला. कारण काय लिहायचं विचारलं, तर म्हणाल्या, लिहा, प्रकृती ठीक नाही."

याशिवाय एक भीती निराळी होती. खूप वर्षांपूर्वी बाईंनी एका माणसाला साडेअकरा वर्षांची शिक्षा दिली होती. निकाल ऐकल्यावर तो ओरडला नाही, रडला नाही. पोलीस त्याला नेत असताना तो बाईंकडे वळून शांतपणे म्हणाला, "मी मोजत राहीन." तेवढंच. त्या दिवसापासून बाईंच्या घराच्या घंटेजवळ नावाची पट्टी नाही. जर्मनीत घंटेजवळ नाव नसलेला माणूस म्हणजे जवळजवळ नसलेलाच माणूस. पोस्टमन त्यांची पत्रं खालच्या बेकरीत ठेवून जाई.

"तो सुटायची वेळ जवळ आली आहे," बाई मला एकदा म्हणाल्या. "आणि त्याचा चेहरा मला आठवत नाही. चेहरे माझ्या लक्षात राहत नाहीत, हेर निमकर. आकडे राहतात."

त्यामुळे साठीकडे झुकलेला कोणताही माणूस तो असू शकत होता. हॅम्बर्गमध्ये अशी माणसं पुष्कळ आहेत.

एकदा नोव्हेंबरात बंदराच्या पलीकडच्या कार्यालयातली बैठक आटोपून आम्ही दोघं बोटीने परत येत होतो. चार वाजले होते आणि अंधार पडला होता. बोटीत बाई नेहमीप्रमाणे मागच्या भिंतीला टेकून बसल्या. समोरच्या बाकावर तपकिरी जाकीट घातलेला एक वयस्क माणूस होता. तो आमच्याकडे पाहत होता. आम्ही पाहिलं की तो पाण्याकडे पाही, आणि आम्ही पाण्याकडे पाहिलं की आमच्याकडे.

"पुढच्या धक्क्यावर उतरू या," बाई ओठ न हलवता म्हणाल्या.

"आपला धक्का त्याच्या पुढचा आहे."

"उतरू या."

उतरलो. तोही उतरला. धक्क्यावर आम्हा तिघांशिवाय कोणी नव्हतं. पाऊस बारीक पडत होता, खालचे लोखंडी तराफे लाटांबरोबर कण्हत होते, आणि मागून पावलं येत होती. बाईंनी माझी बाही धरली. त्या जिन्याच्या दिशेने भरभर चालू लागल्या, मागची पावलंही भरभर येऊ लागली. माझ्या मनात पहिला विचार आला तो पळण्याचा आणि दुसरा आला तो बाईंना टाकून पळण्याचा. दिव्याच्या खाली पोचलो तेव्हा मागून आवाज आला, "थांबा!"

आम्ही थांबलो. माणूस जवळ आला. त्याने जाकिटाच्या आत हात घातला. बाईंनी डोळे मिटले.

त्याने ओळखपत्र काढलं. "तिकीट दाखवा, प्लीज."

साध्या कपड्यातला तिकीट तपासनीस होता. बाईंनी पास काढून दाखवला. मीही दाखवला. दोन्ही बरोबर होते. त्याची निराशा लपली नाही.

"बोटीवरच का नाही विचारलंत?" मी जरा चढ्या आवाजात विचारलं. जीव वाचला की आवाज चढतो.

"विचारणारच होतो," तो म्हणाला. "पण तुम्ही दोघं इतके घाबरलेले दिसलात, मला वाटलं तिकीट नसणारच. मग मधेच उतरलात, तेव्हा खात्रीच झाली."

तो गेला. मी हसू लागलो. बाई हसल्या नाहीत. त्या दिव्याखाली पुढची बोट येईपर्यंत तशाच उभ्या राहिल्या.

"घाबरलेला माणूस गुन्हेगार दिसतो," शेवटी त्या म्हणाल्या. "पिंजऱ्यात उभी असलेली सगळीच माणसं घाबरलेली असतात, हेर निमकर. त्यातल्या किती जणांच्या बाबतीत मलाही अशीच खात्री झाली असेल?"

माझं हसू तिथेच थांबलं. परतीच्या बोटीत मी माझा पास दोनदा काढून तपासला.

पुढच्या वसंतात कार्यालयाचे प्रमुख निवृत्त झाले आणि त्यांच्या जागेसाठी जाहिरात निघाली. फ्राऊ पेटर्स यांनी ती मोठ्याने वाचून दाखवली. जागा मोठी होती, वेतनश्रेणी मोठी होती, खोली मोठी होती आणि तिला गालिचा होता. उमेदवाराच्या अंगी असावयाच्या गुणांत एक होता, 'निर्णय घेण्यात आनंद मानणारी व्यक्ती'. जर्मन जाहिरातींत हा गुण नेहमी मागतात. आपल्याकडे स्थळाच्या जाहिरातीत 'मनमिळाऊ' असतं, तसा.

"आनंद," फ्राऊ हार्म्स म्हणाल्या. "इतकी वर्षं निर्णय दिले. हे मला कोणी सांगितलं नाही."

त्यांना ते पद नको होतं. पण दुसरे उमेदवार होते हेर डॉक्टर केसलर. मंत्रालयातले. सरळ पाठ, सरळ भांग, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'गेनाऊ' म्हणजे 'अगदी बरोबर' असं स्वतःलाच सांगायची सवय. त्यांनी मला एकदा कॉरिडॉरमध्ये गाठलं.

"तुमचा प्रोग्रॅम उत्तम आहे. फक्त क्रम उलटा आहे. आकडा आधी दिसला पाहिजे. एकच आकडा, ठळक, मध्यभागी. न्यायाधीशांचा वेळ वाचेल, शंका वाचतील. गेनाऊ. किती दिवस लागतील बदलायला?"

"प्रमुखांच्या सहीचा आदेश आला तर एक दुपार," मी म्हणालो, आणि खरं उत्तर दिल्याचा मला लगेच पश्चात्ताप झाला.

हे मी बाईंना सांगितलं. मग त्यांनी अर्ज केला. त्या प्रमुख झाल्या तर क्रम राहणार होता, केसलर झाले तर एका दुपारी उलटणार होता, आणि नंतर राज्यभरातले न्यायाधीश सकाळी पोटभर नाश्ता करून न्यायालयात जाणार होते.

त्याच सुमारास माझे सासरे आमच्याकडे आले होते. नाना सांगलीच्या जिल्हा न्यायालयातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेले. न्यायाधीश या जातीबद्दल त्यांच्या मनात देवघरासारखा आदर. बाईंना जेवायला बोलवा म्हणून त्यांनी माझ्या बायकोच्या, वर्षाच्या, मागे तगादा लावला. बाई आल्या. आमच्या टेबलाशी त्यांना दाराकडे पाठ करावी लागत होती, म्हणून त्यांनी नानांशी खुर्ची बदलून घेतली. नानांना तो मान वाटला.

मी दुभाष्या. नाना ऐटीत सुरू झाले. "त्यांना सांगा जावईबापू, आमच्याकडे एक जज्जसाहेब होते. जन्मठेप वाचली की चेंबरमध्ये जाऊन चहा मागवायचे. बरोबर दोन बिस्किटं. हात कधी कापला नाही."

मी सांगितलं. बाईंनी विचारलं, "त्यांना झोप लागत असे का?"

"झोप?" नाना म्हणाले. "अहो, कोर्टातसुद्धा लागायची."

वर्षाला ठसका लागला. बाई मात्र गंभीरपणे मान हलवून वरणभात खात राहिल्या. जेवण झाल्यावर नानांनी मुलाखतीचा सल्ला दिला. "भीतीबितीचं नावही काढू नका म्हणावं. तुमचा दोष काय असं विचारलं तर सांगायचं, मी फार काम करते. आमच्याकडे सगळे तेच सांगतात."

"इथेही तेच सांगतात," बाई म्हणाल्या. "त्यांना म्हणावं, मी प्रयत्न करेन. मला खोटं बोलायचीही भीती वाटते."

मुलाखतीला फ्राऊ पेटर्स टिपणं घ्यायला बसल्या होत्या, त्यामुळे तिथे काय झालं ते संध्याकाळपर्यंत सगळ्या मजल्याला कळलं. समितीत पाच गंभीर माणसं. केसलर वेळेआधी आले. बाई अगदी वेळेवर, भिजलेल्या कोटाने, बुटांना चिखल. समितीच्या अध्यक्षांनी दोघांनाही एकच प्रश्न विचारला: तुमच्या कार्यालयाच्या धोरणामुळे एखादा लवकर सुटला आणि त्याने पुन्हा गुन्हा केला, तर तुम्ही काय कराल?

केसलर म्हणाले, आम्ही पूर्ण निर्धाराने पावलं उचलू. गेनाऊ.

बाई म्हणाल्या, "मी घाबरेन. खरं तर मी आधीपासूनच घाबरलेली असेन."

"आणि जो विनाकारण आत राहिला, त्याचं काय?" अध्यक्षांनी सहज विचारलं.

"त्याला मी जास्त घाबरते. तो वर्तमानपत्रात येत नाही."

एवढं सांगून फ्राऊ पेटर्स यांनी टिपणांची वही मिटली. "संपलं," त्या म्हणाल्या. "खरं बोलून कोणी प्रमुख झालंय का?"

तरीही निवड बाईंची झाली. त्यांच्या उत्तराने समितीचं मन हेलावलं वगैरे काही घडलं नाही. दोघांची सगळी मूल्यमापनं सारखी निघाली, म्हणून शेवटी कायद्याच्या परीक्षेतले गुण पाहिले. जर्मनीत ते गुण माणसाच्या मागे तिरडीपर्यंत येतात. विशीत दिलेल्या त्या परीक्षेत बाईंना केसलर यांच्यापेक्षा किंचित जास्त होते. शिक्षेच्या धोरणाचं पुढे काय होणार हे अशा रीतीने ठरलं.

निवड झाली, नेमणूक व्हायची होती. इथे एक रिवाज सांगायला हवा. जर्मनीत सरकारी नेमणूक शब्दाने होत नाही, सहीनेही पुरती होत नाही. जाड कागदाचं प्रमाणपत्र, ज्याला ते उर्कुंडे म्हणतात, प्रत्यक्ष हातात ठेवावं लागतं. ते हातात पडेपर्यंत माणूस कोणीही नसतो. त्याआधी हरलेल्या उमेदवाराला कळवून थोडे दिवस थांबतात, त्याला न्यायालयात जायचं असेल तर जाता यावं म्हणून. या मधल्या दिवसांत कोणी अवाक्षर काढत नाही.

हे मला ठाऊक होतं. वाढदिवसाच्या शुभेच्छा एक दिवस आधी दिल्या तरी तिथली माणसं पांढरीफटक पडतात, हेही मी पाहिलं होतं. पण घरी मी एवढंच सांगितलं की बाईंची निवड झाली. दुसऱ्या दिवशी दुधाच्या पावडरीचे पेढे डब्यात भरून, कानटोपी घालून नाना माझ्याबरोबर कार्यालयात यायला तयार होऊन बसले होते. त्यांना नाही म्हणायची आमच्या घरात पद्धत नाही.

दारात त्यांनी छत्र्या बाजूला करून पाटी पाहिली, अर्थ विचारला आणि "वा!" म्हणाले. मग वर जाऊन बाईंच्या पुढे डबा उघडला. "काँग्रॅच्युलेशन्स, मॅडम!"

"नाइन! नाही!" फ्राऊ पेटर्स इतक्या मोठ्याने ओरडल्या की शेजारच्या खोलीतली माणसं बाहेर आली. "उर्कुंडे मिळायच्या आधी? अपशकुन होतो!" जगात कशालाही न घाबरणाऱ्या त्या बाईंनी डब्याचं झाकण हिसकावून लावून टाकलं.

नाना गोंधळले. "पेढ्यांनी अपशकुन? अहो जावईबापू, यांना सांगा, पेढे म्हणजेच शकुन!"

फ्राऊ हार्म्स उठल्या. त्यांनी झाकण काढलं, एक पेढा घेतला, रुमालात नीट गुंडाळला आणि पर्समध्ये ठेवला. "नंतर खाईन," त्या नानांना म्हणाल्या. नानांना जर्मन येत नव्हतं, पण त्यांनी हात जोडले.

फ्राऊ पेटर्स नानांना कॉफी द्यायला घेऊन गेल्या. बाईंनी मला थांबवलं आणि दार लावलं.

"मुलाखतीच्या दिवशी मला उशीर होत होता, ते तुम्हाला कळलंच असेल," त्या म्हणाल्या. "त्या सकाळी तो सुटणार होता. साडेअकरावाला. मी तुरुंगासमोरच्या बस थांब्यावर जाऊन उभी राहिले."

"एकट्या?"

"हो. चेहरा पाहून ठेवावा म्हटलं. म्हणजे निदान बाकीच्या सगळ्यांची भीती वाटणार नाही. दार उघडलं. एक म्हातारा बाहेर आला, हातात प्लास्टिकची पिशवी. रस्ता ओलांडून सरळ माझ्याकडे आला. तो अगदी समोर येऊन थांबला आणि म्हणाला, स्टेशनला जाणारी बस हीच का?"

"मग?"

"मी सांगितलं, ही नाही, पलीकडची. चिखलातून त्याला पलीकडे घेऊन गेले. तिकीट मशीनमधून कसं काढायचं ते त्याला माहीत नव्हतं, मशीन नवीन होतं. ते दाखवलं. तो धन्यवाद म्हणून बसमध्ये चढला. त्याने मला ओळखलं नाही, हेर निमकर."

"म्हणजे सुटलात," मी म्हणालो. "आता भीती नाही."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेचा मला आजही धसका आहे.

"त्याची साडेअकरा वर्षं मी घेतली," त्या म्हणाल्या, "आणि ती कोणी घेतली हे त्याला ओळखता आलं नाही. मला पूर्वी एका माणसाची भीती होती. आता कोणाची आहे ते सांगता येत नाही."

चार दिवसांनी केसलर न्यायालयात गेले. परीक्षेचे गुण दोन वेगळ्या राज्यांतल्या वेगळ्या पद्धतींनी दिलेले आहेत, त्यांची तुलना बेकायदा आहे, असं त्यांचं म्हणणं. न्यायालयाने नेमणूक थांबवली. उर्कुंडे छापून तयार होतं, ते मंत्रालयातल्या कपाटात गेलं. फ्राऊ पेटर्स नानांच्या पेढ्यांविषयी एक शब्दही बोलल्या नाहीत, आणि ते बोलण्यापेक्षा वाईट होतं.

खटला चालला, अपील झालं, ते परत खाली आलं. तोपर्यंत बाई प्रभारी प्रमुख. प्रभारी प्रमुखाला काम सगळं असतं, वेतनश्रेणी नसते आणि गालिच्याची खोलीही नसते. ती खोली रिकामीच राहिली. सफाईवाली दर आठवड्याला तिथला गालिचा साफ करी, आणि बाई आपल्या दारामागच्या कोपऱ्यात बसून राज्याचं शिक्षेचं धोरण चालवत.

नाना सांगलीहून फोन करत. "जावईबापू, मिळालं का बाईंना ते उर्कुंडे?"

"नाही, नाना. अपिलात आहे."

"अजून? अहो, आमच्याकडची दिवाणी प्रकरणं बरी!" मग थोडं थांबून, आवाज बदलून, "पेढ्यांमुळे नसेल ना हो?"

"नाही हो, नाना."

"नाही, आपलं विचारलं."

त्या वर्षांत बाई रोज सकाळी माझ्या टेबलाशी येत. कोट अंगात तसाच, पर्स खांद्याला. "आदेश आलाय का?" मंत्रालयातून कोणीतरी वरच्या वर क्रम उलटा करायला सांगेल, ही त्यांची नवी भीती. मी नाही म्हणालो तरी त्यांचं समाधान होत नसे. माझ्या खुर्चीत बसून त्या एक काल्पनिक घरफोडी भरत आणि आकड्याच्या रिकाम्या चौकटीकडे पाहत राहत. मग काहीतरी लिहीत, इतरांचे आकडे पाहत आणि उठून जात. एकदा मी पाहिलं, रोजच्या त्याच खोट्या चोराला त्या दर वेळी थोडी कमी शिक्षा देत होत्या.

असं करत त्यांचं निवृत्तीचं वय झालं. आपल्याच निरोपाचा केक आपणच आणायचा अशी तिथली रीत. बाईंनी सफरचंदाचा आणला. मंत्रालयातून आलेल्या गृहस्थांनी बाईंच्या 'निर्भय सेवेबद्दल' भाषण केलं. बाईंचा डावा हात टेबलाच्या कडेला होता. केक सगळ्यांनी खाल्ला, बाईंनी नाही.

उमेदवारच निवृत्त झाल्यामुळे खटला निकाली निघाला. शर्यतीत एकटे उरलेले केसलर पहिले आले. उर्कुंडे त्यांच्या हातात ठेवलं गेलं आणि टाळ्या झाल्या. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला बोलावून क्रम उलटायला सांगितलं. मी आदेश मागितला. मसुदा तयार झाला, फ्राऊ पेटर्स यांनी तो टाईप केला आणि सहीसाठी केसलर यांच्या टेबलावर ठेवला.

मी बदल करून ठेवला होता. एक दुपार लागली. बटण दाबायचं बाकी होतं.

यानंतर फ्राऊ हार्म्स मला एकदाच भेटल्या. बंदराच्या बोटीत, पावसाळी दुपारी. त्या मागच्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. तेच करडं जाकीट, अंग जरा आणखी वाकलेलं. मला पाहून त्यांनी शेजारची जागा दाखवली आणि नमस्काराच्या आधी विचारलं, "सही झाली?"

"नाही," मी म्हणालो. "कित्येक महिने झाले. टेबलावरच आहे. फ्राऊ पेटर्स यांना त्यांनी विचारलं, यावर आणखी कोणाची सही असणार? त्या म्हणाल्या, फक्त आपलीच. तेव्हापासून ते रोज मसुदा वाचतात आणि खाली ठेवतात."

बाईंना हायसं वाटेल अशी माझी अपेक्षा होती. त्या पुढे वाकून हळूच म्हणाल्या, "नाश्ता करतो का?"

"कोण?"

"केसलर."

हे मला माहीत होतं, कारण फ्राऊ पेटर्स सगळ्या मजल्याला सांगत. "हल्ली डब्यातला पाव अर्धाच खातात म्हणे."

"आल्झो," त्या म्हणाल्या आणि मागे टेकल्या. "मग जमेल त्याला हे काम."

थोड्या वेळाने त्यांनी वर्षाची आणि नानांची चौकशी केली. "तो पेढा मी अजून खाल्लेला नाही," त्या म्हणाल्या.

"आता तो खाण्यासारखा राहिला नसेल."

"नाही. पण मी नंतर खाईन म्हणाले होते, आणि ते नंतर काही आलं नाही."

बोट धक्क्याला लागली. बाई उठल्या, सगळे उतरेपर्यंत भिंतीशी थांबल्या, मागे कोणी नाही याची खात्री केली आणि शेवटी उतरल्या. धक्क्यावरच्या दिव्याखालून जाताना त्यांनी पर्स उघडून पास बाहेर काढून हातात धरला. तपासायला कोणी नव्हतं.

प्रोग्रॅम अजूनही आधी न्यायाधीशालाच विचारतो. केसलर यांनी प्रमुखाच्या खोलीत नवा गालिचा टाकायचं ठरवलं, त्यालाही आता दीड वर्ष झालं. रंग ठरायचा आहे.